हरीक शुगरला चांगला म्हणतात, पण तो माजतो त्याचं काय?

२०२३ साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजलं आणि तेव्हापासून रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या दुकानांत एक पॅकेट दिसायला लागलं, वर मोठ्या अक्षरात 'कोदो मिलेट', खाली 'शुगरसाठी उत्तम', 'ग्लुटेन फ्री', 'वजन घटवा' वगैरे. फोडून बघितलं तर आत आपला हरीक. कोकणातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा, त्याला हरीक दोनच गोष्टींसाठी आठवतो, घरातलं भात संपलं की शिजायचा म्हणून, आणि माजायचा, म्हणजे खाल्ल्यावर चक्कर-गुंगी आणायचा म्हणून. पॅकेटवर यातलं काहीच छापलेलं नसतं.

मग ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या बांधवगडला तेरा हत्तींच्या कळपातले दहा हत्ती कोदोच्या पिकात चरून दोन-तीन दिवसांत मेले, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि फॅमिली ग्रुपवर दोन उलट मेसेज फिरायला लागले. एकात हरीक खाल्ल्यावर डायबेटिस मुळापासून जातो, दुसऱ्यात हरीक म्हणजे साक्षात विष. दोन्ही चूक आहेत आणि दोन्हीत थोडं थोडं खरंही आहे, त्यामुळे जरा सावकाश बघू.

हरीक म्हणजे नक्की कुठलं धान्य

घाटावर कोद्रा, हिंदीत कोदो, तमिळमध्ये वरगू, संस्कृतात कोद्रव किंवा कोरदूष, शास्त्रीय नाव पास्पॅलम स्क्रोबिक्युलेटम. आपल्याकडे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत हरीक. नाचणी आणि वरीच्या जोडीने वरकस जमिनीत, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत घ्यायचं हे पीक. जमीन ताजी असली की नाचणी, मग वरी, आणि जमीन थकली की हरीक, असा साधारण क्रम होता, कारण हा गडी कसल्याही मातीत, खत न घालता येतो. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्ये तो वरकस पिकांत नोंदलेला आहे. म्हणजे परदेशातून आलेलं सुपरफूड वगैरे काही नाही, आपल्याच डोंगरावरचा आहे, आपणच टाकून दिलेला.

दाणा बारीक, गोलसर, तपकिरी आणि त्याच्यावर एकावर एक अशी बरीच टरफलं. हे टरफलांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या टरफलांमुळेच हरीक कणगीत वर्षानुवर्षं टिकायचा, किडा लागायचा नाही, म्हणून दुष्काळासाठी ठेवायचं धान्य अशी त्याची ख्याती. आणि या टरफलांमुळेच तो सडायला, म्हणजे कांडून टरफलं काढायला, जीव जायचा. एकदा सडून भागत नाही, परत परत कांडायला लागतो. बायकांना भाताच्या गिरण्या मिळाल्यावर हरीक पहिला मागे पडला यात नवल काय! रेशनचा तांदूळ आल्यावर तर कोण कशाला मुसळ धरतंय.

माजतो म्हणजे काय होतं

हरीक खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात किंवा काही तासांत डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, उलट्या होतात, हातपाय थरथरतात, बोलताना जीभ जड होते, कधी घास गिळता येत नाही, माणूस गुंगीत जातो, क्वचित बेशुद्ध पडतो. दारू प्यायल्यासारखं दिसतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं. आपल्याकडे जुनी माणसं हरकाचे दोन प्रकारच सांगायची, गोडा हरीक आणि माजरा हरीक, गोडा खायचा, माजऱ्यापासून जपायचं.

आणि ही काही फक्त कोकणातली गोष्ट नाही. जैन कर्मसिद्धांताच्या जुन्या ग्रंथांत माणसाच्या मोहाला कोद्रवाची उपमा दिलीये: न धुतलेला कोद्रव पूर्ण मद आणतो, अर्धवट धुतलेला थोडा, नीट धुतलेला आणत नाही. म्हणजे हरीक माजतो आणि धुतल्यावर कमी माजतो ही गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वी इतकी सर्रास माहिती होती की तत्त्वज्ञान शिकवायला तिचं उदाहरण चालायचं. आणि आज पॅकेट विकणाऱ्याला माहिती नाही.

विष झाडाचं की आणखी कशाचं?

इथेच सगळी गोची आहे. खूप वर्षं लोकांना वाटायचं की हरकाची एक जातच विषारी असते. पण मग एकाच शेतातला हरीक एका वर्षी गोड आणि दुसऱ्या वर्षी माजरा कसा? १९८५ मध्ये भारतीय संशोधकांनी माणसांना बाधलेल्या कोदोच्या दाण्यांतून एक द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव सायक्लोपियाझोनिक आम्ल. हे द्रव्य झाड तयार करतच नाही. दाण्यावर वाढणारी बुरशी ते तयार करते, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस टॅमॅरी नावाच्या दोन बुरश्या. बुरशीने बनवलेल्या अशा विषाला मायकोटॉक्सिन म्हणतात, मी पुढे सरळ बुरशीचं विषच म्हणणार आहे.

आता हे विष शरीरात करतं काय? आपला स्नायू आखडतो तेव्हा पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर सुटतं, आणि स्नायू सैल पडायला ते कॅल्शियम परत आत ओढून घ्यायला लागतं, त्यासाठी पेशीत एक पंप असतो. खाडीत जुनी होडी घेऊन गेलात तर एक माणूस सतत पाणी उपसत बसलेला असतो ना, तसा. हे विष नेमकं त्या उपसणाऱ्याचा हात धरतं. होडी लगेच बुडत नाही, पण पाणी चढत जातं आणि होडी डुलायला लागते. म्हणून थरथर, म्हणून चालताना झोकांड्या, म्हणून गिळायला त्रास. थोडं विष असलं तर शरीर ते हळूहळू बाहेर टाकतं आणि उपसणारा परत कामाला लागतो, माणूस बरा होतो.

बुरशी लागते कधी? ओल असली की. हरीक पावसाच्या सुरुवातीला पेरायचा आणि पाऊस संपता संपता कापायचा, आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस येतो. कणसात दाणा तयार आहे, वरून पाणी, खाली दमट हवा, ऊन नाही. दाण्यावर एवढी टरफलं, त्यांच्यामध्ये ओल अडकून बसते. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के असते आणि तापमान पंचवीस-तीसच्या आसपास, या बुरशीला याहून चांगलं घर कुठे मिळणार! ज्या वर्षी कापणीच्या वेळी ऊन कडक पडलं त्या वर्षी हरीक गोडा, ज्या वर्षी भिजला त्या वर्षी माजरा. जात तीच.

मग दहा हत्ती मेले ते?

बांधवगडच्या हत्तींच्या अवयवांची तपासणी बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत झाली, त्यात हेच सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं, कीटकनाशक किंवा जड धातूंचं विष सापडलं नाही. हत्ती काही वाटीभर खात नाही, तो उभ्या पिकात शिरला की टरफलासकट, कणसासकट, ताटासकट ओढत सुटतो, आणि ते पीक बुरशी लागलेलं असेल तर तेवढं सगळं विष एका रात्रीत पोटात. आपण खातो तो सडलेला, पाखडलेला, धुतलेला, मूठभर दाणा. त्याच मध्य प्रदेशात गोंड आणि बैगा लोक पिढ्यानपिढ्या कोदो खातायत. त्यामुळे हत्ती मेले म्हणून हरीक विष, हे गणित चुकतं. पण हत्ती मेले त्याचा आपल्याशी संबंधच नाही, हेही चुकतं, कारण विष तेच आहे, फरक मात्रेचा आहे.

"आमचे आजे-पणजे खात होते, त्यांना कुठे काय झालं"

झालं होतं की! झालं म्हणूनच त्यांनी नियम केले. आपण हरीक परत आणला आणि नियम मागेच ठेवले, माझं मुख्य भांडण एवढंच आहे.

नियम काय होते बघा. नवा हरीक खायचा नाही. सिंधुदुर्गात म्हातारी माणसं बजावायची, "नवो हरीक खांव नको". वर्षभर तरी कणगीत मुरू द्यायचा मग काढायचा. गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांच्या, रुग्णाने खायच्या धान्यांच्या यादीत कोद्रव आहे आणि तिथेही ती धान्यं 'अनव', म्हणजे नवी नसलेली, असं स्पष्ट म्हटलंय. दुसरा नियम, कडक उन्हात वाळवायचा, एकदा नाही, परत परत. तिसरा, सगळी टरफलं जाईपर्यंत कांडायचा, कारण बुरशीचा मोठा भाग टरफलांतच असतो. चौथा, भरपूर पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, त्याची पेज करायची नाही. जुन्या इंग्रजी नोंदींत तर हरीक शेणाच्या पाण्यात काही तास भिजवून मग धुवून वाळवायचे असंही लिहिलंय, ते आज कोणी करू नये, पण लोक किती मेहनत घ्यायचे ते कळतं. आणि पाचवा नियम जो कोणी नियम म्हणून सांगत नसे: नवीन पोत्यातला हरीक पहिल्यांदा थोडाच शिजवायचा, मोठ्या माणसाने आधी खाऊन बघायचा, पोरांना नंतर.

यातला कुठलाही एक नियम पूर्ण खात्रीचा नाही. सगळे मिळून धोका कमी करायचे.

"शिजवल्यावर सगळं मरतंच ना?"

बुरशी मरते. विष मरत नाही. ही गोष्ट फार लोकांना माहिती नसते आणि सगळ्यात महत्त्वाची आहे. विष म्हणजे जिवंत काही नाही, ते रसायन आहे, आपल्या कुकरच्या तीन शिट्ट्यांनी ते तुटेल असं धरून चालता येत नाही. भाकरीवर बुरशी आली म्हणून तेवढा भाग खरवडून परत तव्यावर टाकतात काही जण, तोच प्रकार.

अजून एक, नुसतं बघून कळत नाही. हिरवट-काळी बुरशी दिसली, कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटले तर सरळ फेकायचं, तिथे दहा रुपये वाचवायचे नाहीत. पण दिसलं नाही म्हणून विष नाही असं नसतं, बुरशी वाळून गेली तरी तिने करून ठेवलेलं विष दाण्यात राहतं.

आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस हीच बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं दुसरं विषही बनवू शकते, भुईमुगावर येतं तेच. ते लगेच चक्कर आणत नाही, वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर लिव्हर खराब करतं, कॅन्सरपर्यंत जातं. त्यामुळे ओला झालेला हरीक "माजला नाही म्हणजे चांगला आहे" हेही खरं नाही.

आता गुणांकडे येऊ

इथे आधी आयुर्वेद, कारण पॅकेटवर आयुर्वेदाचं नाव हमखास असतं. चरकसंहितेत कोरदूष आणि श्यामाक एकत्र सांगितलेत: चवीला तुरट-गोड, पचायला हलके, कफ-पित्त कमी करणारे, थंड, मल बांधणारे, शोषून घेणारे, आणि वातल, म्हणजे वात वाढवणारे. जाहिरातवाले 'हलका' आणि 'कफपित्त कमी करतो' एवढं उचलतात, 'वातल' आणि 'मल बांधणारा' सोयीने विसरतात. ज्यांना आधीच बद्धकोष्ठ आहे, पोटात वायू धरतो, अंग कोरडं पडलंय, अशा माणसाला आयुर्वेद स्वतःच हरीक रोज खा म्हणून सांगणार नाही. आपल्याकडे हरकाचा भात ताकाबरोबर, कुळथाच्या पिठल्याबरोबर, नाहीतर नारळाच्या रसातल्या आमटीबरोबर खायचे, कोरडा नाही, ते उगीच नाही.

आता आकडे. भारतीय अन्नघटकांच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम हरकात साधारण ८.९ ग्रॅम प्रथिनं, ६६ ग्रॅम कर्बोदकं, ६.४ ग्रॅम तंतू म्हणजे फायबर आणि ३३० च्या आसपास कॅलरी आहेत. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ७.९ ग्रॅम प्रथिनं, ७८ ग्रॅम कर्बोदकं, २.८ ग्रॅम तंतू आणि ३५६ कॅलरी. म्हणजे फायबर दुपटीहून जास्त, पिष्ट थोडं कमी, आणि कॅलरी? जवळजवळ तेवढ्याच! त्यामुळे हरीक खाऊन वजन उतरतं म्हणून ताटभर हरकाची खीर गूळ घालून खाल्ली तर वजन तुमचंच आहे, कुठे जाणार. कॅल्शियमचं तर विचारूच नका, हरकात १५ मिलिग्रॅम आणि नाचणीत ३६४. हाडांसाठी हरीक घेणाऱ्यांनी गपचूप नाचणीची भाकरी खावी.

डायबेटिस खरंच जातो का

जात नाही. एवढं आधी स्पष्ट करून टाकू.

पण मदत होऊ शकते, आणि ती कशी ते समजलं की किती हेही समजतं. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते ते मोजायला ग्लायसेमिक इंडेक्स वापरतात, शुद्ध ग्लुकोजला १०० धरून. २०२१ मध्ये भरडधान्यांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात भरडधान्यांचा सरासरी इंडेक्स साधारण ५३ निघाला आणि पांढऱ्या तांदळाचा ७२ च्या जवळ. हा सगळ्या भरडधान्यांचा मिळून आकडा आहे, एकट्या हरकाचा नाही, पण दिशा कळते. दुपारी ताटात भाताचा डोंगर असतो आपल्या, त्याच्या जागी तेवढाच नाही तर त्याहून थोडा कमी हरीक आला, बाजूला डाळ, भाजी, मासा असला तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, महिनोन् महिने असं केलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेतही फरक पडू शकतो. गुण 'जागी' या शब्दात आहे. भात खाऊन वर औषध म्हणून वाटीभर हरीक खाल्ला तर साखर वाढणारच, तोही पिष्टच आहे शेवटी.

आणि रूप महत्त्वाचं. अख्खा दाणा मोकळा शिजवला तर सावकाश पचतो, त्याचंच बारीक पीठ करून पातळ लापशी केली की साखर लवकर चढते. बाजारात हरकाचे नूडल्स आणि बिस्किटं आलीयत, त्यात मैदा किती, साखर किती, हरीक किती ते मागे बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा.

रक्त शुद्ध होतं, मूतखडा विरघळतो, कॅन्सर बरा होतो, पाच धान्यं आळीपाळीने खाल्ली की सगळे आजार जातात, याला माणसांवरच्या नीट अभ्यासाचा आधार नाही. बरणीतल्या पेशींवर अर्काचा परिणाम दिसणं वेगळं आणि ताटातल्या भाताने आजार बरा होणं वेगळं. ग्लुटेन फ्री मात्र खरं आहे, हरकात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही. फक्त सिलिअ‍ॅकचा आजार असलेल्यांनी, म्हणजे ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांनी, गव्हाच्याच गिरणीत दळून आणू नये, गिरणीत राहिलेला गहू त्यात येतो.

गोळ्या चालू असतील तर हे नक्की वाचा

शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने एकदम भात बंद करून हरीक चालू केला, जेवणही कमी केलं आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन मात्र पूर्वीएवढंच ठेवलं तर साखर खाली जाऊ शकते. साखर खाली गेल्यावर काय होतं? घाम, थरथर, चक्कर, बडबड, गुंगी. आणि हरीक माजल्यावर काय होतं? थरथर, चक्कर, गुंगी. घरच्यांना वाटणार हरीक माजलाय, झोपू दे, उतरेल. आणि तो माणूस खरं तर हायपोमध्ये, म्हणजे साखर खाली गेलेली, असेल. म्हणून शुगरच्या पेशंटला हरीक खाल्ल्यावर असं काही झालं तर पहिलं काम ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं. मीटर नसेल, पण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरी साखर द्या, तेवढ्याने नुकसान होत नाही, उशिराने होतं. आहार बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं ते यासाठी, फॉर्मॅलिटी म्हणून नाही.

किडनीचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये, अख्ख्या धान्यांत पॉलिश तांदळापेक्षा फॉस्फरस जास्त असतो. रक्त कमी असणाऱ्यांनी जेवणाबरोबर लिंबू, कोकम, आवळा काहीतरी आंबट घ्यावं, कारण धान्याच्या कोंड्यातलं फायटेट लोह शोषू देत नाही आणि आंबटाने ते थोडं सुधारतं. गरोदर बाई, अगदी लहान मूल, खूप थकलेला म्हातारा माणूस यांना मी तरी हरीक देणार नाही, त्यांना नाचणी आहे की. विष नाही म्हणून खात्री असती तर गोष्ट वेगळी.

घ्यायचा तर कसा घ्यायचा

सुटा, पोत्यातला, ओळख नसलेल्याकडचा नको. पॅकबंद घ्या, ज्यावर पॅकिंगची तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नंबर आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून पंधरा भरडधान्यांना एफएसएसएआयचे दर्जाचे निकष लागू आहेत, त्यात ओलावा, कचरा, किडके दाणे यांच्या मर्यादा आहेत. अफलाटॉक्सिनला धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. हरीक माजवणाऱ्या विषाला अशी वेगळी मर्यादा नाही, म्हणून नुसत्या नंबरावर विसंबायचं नाही, ओलावा हीच आपली खूण.

"पण गावठी घेतला, ऑरगॅनिक घेतला तर?" गावठी हरकाला बुरशी लागत नाही असं कोणी सांगितलं! बुरशी स्वतःच ऑरगॅनिक आहे. शेतकरी ओळखीचा असेल तर सरळ विचारा, कापणीच्या वेळी पाऊस लागला होता का, वाळवला किती, कणसं भिजलेली ढीग घालून ठेवली होती का. खरं सांगणारा माणूस असेल तर हे उत्तर कुठल्याही लेबलपेक्षा भारी.

घरी आणल्यावर डिसेंबर-जानेवारीच्या कडक उन्हात परत एकदा वाळवा, दाताखाली धरल्यावर कट्टकन तुटला पाहिजे, दबला नाही पाहिजे. मग घट्ट झाकणाचा डबा. पावसाळ्याला पुरेल एवढा साठा कोकणात करूच नये असं माझं मत, मृग लागायच्या आत संपवायचा नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचा. पीठ लागेल तेवढंच दळायचं, पीठ ओल लवकर ओढतं. शिजवताना चार-पाच पाण्यांनी चोळून धुवा, सहा-सात तास भिजवा, ते पाणी ओता, नवीन पाण्यात शिजवा. पहिल्यांदा खाताना अर्धी वाटी, दुपारी, रात्री नाही, म्हणजे काही झालं तर घरात माणसं जागी असतात. पहिल्या आठवड्यात पोट थोडं गच्च वाटेल, वायू होईल, ते फायबरचं असतं, विषाचं नाही, पाणी जास्त प्या.

उपासाची भगर म्हणजे हीच भानगड का?

भाऊबंद आहे. वऱ्याचे तांदूळ वेगळ्या भरडधान्याचे, पण नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की भगर खाऊन उलट्या आणि चक्करच्या बातम्या येतातच, आणि अन्न व औषध प्रशासन दरवर्षी तेच सांगतं: भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढून विष तयार होतं, सुटी भगर घेऊ नका, तयार पीठ घेऊ नका, जुनी उरलेली वापरू नका. रिकाम्या पोटी, पित्त झालेलं असताना, मंदिरात मोठ्या पातेल्यात रात्रीच करून ठेवलेली भगर, म्हणजे मग काय व्हायचं ते होतं. हरकाला लावायचे सगळे नियम भगरीलाही लावा, फक्त 'जुनी करून खा' तेवढा सोडून, पॅकेटमधल्या सडलेल्या भगरीला टरफलांचं कवच राहिलेलं नसतं, ती जुनी होऊन खराबच होते. सडलेल्या हरकालाही हेच. जुना करायचा तो टरफलासकट, कणगीत, कोरडा. दुकानातून सडून आणलेला हरीक वर्षभर डब्यात ठेवून 'मुरवला' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या.

माजलाच तर

खाणं ताबडतोब थांबवा. माणसाला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही. गुंगीत असलेल्याला मुद्दाम ओकायला लावू नका आणि तोंडाने काही पाजू नका. आपल्याकडे चिंचेचं पाणी, केळीच्या खोडाचा रस, पेरूच्या पानांचा रस द्यायची पद्धत होती, पण गिळायचे स्नायूच नीट चालत नसताना रस फुप्फुसात गेला तर मूळ दुखण्यापेक्षा ते भारी पडतं. या विषावर उतारा म्हणून इंजेक्शन नाही, दवाखान्यात सलाइन, श्वासावर लक्ष, उलट्या थांबवणं एवढंच करतात आणि तेवढं बहुतेकांना पुरतं. मूल असेल, म्हातारं माणूस असेल, झटके येत असतील, हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल तर वाट न बघता १०८. आणि उरलेला हरीक, शिजवलेला आणि कच्चा दोन्ही, पॅकेटसकट पिशवीत घालून बरोबर न्या, डॉक्टरांना सांगायला सोपं पडतं आणि अन्न प्रशासनाला तपासायलाही.

आणि तो टाकायचा म्हणून गोठ्यात नेऊन गुरांना घालू नका, कोंबड्यांनाही नाही. पेंढ्याचंही तेच. हरकाच्या कणसावर पावसात चिकट, मधासारखा स्राव दिसला आणि नंतर काळपट गाठी धरल्या तर तो अर्गट नावाचा दुसराच बुरशीचा रोग असतो, ती कणसं चरून गुरं थरथरतात, लडबडत चालतात, पडतात. असं पीक असेल तर कणसं वेगळी काढून जाळा, पेंढा गोठ्यापासून लांब ठेवा, आणि जनावराने खाल्लंच असेल तर १९६२ वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.